सिम आबांच्या नावावर

...नाही, पण तुम्हीच सांगा मला, चौतीस वर्षांच्या माणसानं, एका पोरीच्या बापानं, पुढचे केस मागं सरकायला लागलेल्या गृहस्थानं, स्वतःच्या खिशातल्या मोबाइलला घाबरावं का? आं? वाघाला घाबरावं, पोलिसाला घाबरावं, बायकोला घाबरावं, इथपर्यंत ठीक आहे, ते वाडवडिलांपासून चालत आलंय... पण खिशातल्या बोटभर डब्याला? तुम्हाला सांगतो, मी घाबरायचो. अजून घाबरतो. आत्ता इथं तुमच्याशी बोलतोय ना, तरी डावा हात कुठे आहे बघा. खिशावर! कारण काय? कारण एकच. फोन माझा, खिसा माझा, बोलणारं तोंड माझं... पण सिम? सिम आबांच्या नावावर!

आबा म्हणजे आमचे वडील. आणि त्याचं झालं असं, की दोन हजार चार साल ते. मोबाइलवर आलेला फोन उचलायला पैसे पडायचे बंद झालेले, त्यामुळे रत्नागिरीत ज्याला त्याला मोबाइल हवासा वाटायला लागला, तसा मलाही वाटला. माझा धंदा पाण्याच्या पंपांचा. आज पावस, उद्या लांजा, परवा राजापूर, बागवाल्यांच्या विहिरीवर जाऊन पंप बसवून द्यायचे. फिरतीचा माणूस, मोबाइल पाहिजेच. गेलो बाबल्याकडे. बाबल्याचं दुकान आधी घड्याळदुरुस्तीचं, मग कॅसेटचं, मग मोबाइलचं, पण पाटी अजून घड्याळाचीच. म्हणाला, ‘‘अनिलशेट, फॉर्म भरा, घराच्या पत्त्याचा पुरावा द्या.’’ आता आली पंचाईत! लाइटबिल कोणाच्या नावावर? आबांच्या. घरपट्टी? आबांच्या. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख कोण? आबा! अहो, माझ्या स्वतःच्या नावातलं मधलं नावसुद्धा आबांचं, त्या घरात माझं असं आहे काय? गेलो आबांना घेऊन. तिथं बाबल्यानं, देव त्याचं भलं करो, एकावर एक सिम फुकट अशी स्कीम काढली. आबांनी दोन्ही घेतली. एक त्यांच्या फोनात, एक माझ्या. दोन्ही फॉर्मांवर आबांचा फोटो, दोन्हींवर आबांची सही. आणि सही करून, पेनाला टोपण लावून, आबा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, ‘‘हं. आता कळेल, कोण कुठे असतं ते.’’

हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या बापानं म्हटलं असतं ना, तर मी हसून सोडून दिलं असतं. पण आमचे आबा स्टँडवर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक! एसटीचे कंट्रोलर! ती खिडकी, तो माइक, ते समोरचं घड्याळ. फोन उचलला की हॅलो नाही, नमस्कार नाही, थेट, ‘‘गाडी कुठे आहे?’’ आयुष्यभर हा एकच प्रश्न विचारला माणसानं. मग रिटायर झाले. गाड्या गेल्या, प्रश्न राहिला. तो घरात सुरू झाला. आई बाजारात गेली की, ‘‘निघाली किती वाजता? अजून पोचली कशी नाही?’’ माझी मुलगी शाळेतून आली की, ‘‘चार मिनिटं लेट. कारण?’’ ती सहा वर्षांची. ती म्हणते, ‘‘आबा, मी खेळत होते.’’ आबा म्हणतात, ‘‘खेळत होते हे कारण नाही. पंक्चर, बिघाड, रस्ता बंद, यातलं काय ते सांग.’’ ...अशा माणसाच्या नावावर माझं सिम!

आता तुम्ही म्हणाल, अनिलशेट, मनात पाप नसेल तर घाबरायचं कशाला? अहो, पाप होतं ना! चांगलं पाच फूट दोन इंच उंचीचं, गणपतीपुळ्याच्या अलीकडच्या वाडीत राहायचं. म्हणजे पाप कसलं, माझी सख्खी धाकटी बहीण, राही. तिनं तीन वर्षांपूर्वी लग्न केलं सदूशी. सदू मुलगा सोन्यासारखा, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, जातीतला, पत्रिका बघितली असती तर तीही जुळली असती... पण धंदा काय? वडाप! जीपचा वडाप! स्टँडच्या फाटकाबाहेर उभं राहायचं, ‘‘पुळे पुळे पुळे, एक सीट, एक सीट’’ करत ओरडायचं, नऊच्या जागी चौदा कोंबायचे आणि एसटी सुटायच्या आधी पाच मिनिटं उडायचं. म्हणजे आबांनी आत माइकवरून पॅसेंजर बोलवायचे आणि सदूनं बाहेरून पळवायचे. आबांनी त्याची जीप किती वेळा पकडून दिली याची मोजदाद नाही. आणि त्याच जीपमध्ये आमची राही बसली कशी? तर राही नेवऱ्याच्या बालवाडीत शिकवायला जायची. एक दिवस भर श्रावणात लांज्याच्या रस्त्यात झाड पडलं, तिकडून यायची नेवऱ्याची गाडी पन्नास मिनिटं आली नाही, पोरं खोळंबली असतील म्हणून ती बसली जीपमध्ये. पुढच्या सीटवर. आणि बसली ती बसलीच.

आबांनी आरडाओरडा केला का? छे! केला असता तर बरं झालं असतं. शांतपणे, गाडी रद्द झाल्याचं सांगतात तशा आवाजात सांगितलं, ‘‘त्या जीपवाल्याच्या घराची पायरी जो चढेल, त्यानं माझ्या घराची पायरी चढायची नाही.’’ झालं! आणि आबा म्हणजे बोलले की बोलले. तुम्हाला सांगतो, आमच्या धाकट्या काकांशी त्यांनी कुंपणाच्या भांडणावरून बोलणं बंद केलं, ते बावीस वर्षं. काका वारले. आबा तिथं गेले, खांदा दिला, सगळं रीतसर केलं... पण बोलले नाहीत! काकू म्हणाल्या, ‘‘भावजी, आता तरी दोन शब्द बोला हो त्यांच्याशी.’’ नाही बोलले. तर असल्या बापाच्या घराची पायरी माझी सुटली, तर मी बायको-पोरीला घेऊन जाऊ कुठे? आणि आई? तिला एक लेकरू तुटलेलं, दुसरं तुटलं तर ती काय करील? हे सगळं माझ्या डोक्यात चोवीस तास. आणि खिशात सिम!

अशात राहीचा फोन. एक रुपयाच्या डब्यावरून. म्हणजे श्वास न घेता बोलायचं. ‘‘दादा ऐक, बाळाचं जावळ काढायचंय, येत्या बुधवारी, अकराचा मुहूर्त, मामाच्या मांडीवर बसवायला लागतं, तू ये.’’ मी म्हटलं, ‘‘अगो राही, पण आबा...’’ ती म्हणाली, ‘‘सासूबाई म्हणतायत, मामा येत नसेल तर शेजारच्या कोणाला तरी मामा करून बसवू. दादा, माझ्या पोराला उसना मामा नको हां...’’ टीं टीं टीं... कट! तुम्हाला सांगतो, तिनं आणखी एक रुपया टाकायची गरजच नव्हती. जायचं! ठरलं! पोर कोणाचं? माझ्या बहिणीचं. मांडी कोणाची? माझी. ती तर माझ्या नावावर आहे ना?

तसा मी चोरून जायचो हां तिच्याकडे, दोन-तीन महिन्यांनी एकदा. पण मोबाइल घेतल्यापासून गेलो नव्हतो. म्हटलं आधी एक फेरी मारून यावी, काय आणायचं-बिणायचं विचारावं. घरात सांगितलं लांज्याला चाललोय आणि बसलो पुळ्याच्या गाडीत. खिडकीतून वारा काय, समुद्र काय, मस्त... नेवरं गेलं, आणि किती वाजले बघायला खिशातून फोन काढला. बघतो तर... अहो, पडद्यावर एरवी इंग्रजीत ‘रत्नागिरी’ लिहून यायचं, त्या जागी लखलखीत अक्षरं... ‘गणपतीपुळे’! बोंबला! मी त्याला सांगितलं नव्हतं, तिकीट दाखवलं नव्हतं, याला कळलं कसं? याला म्हणजे कोणाला? सिमला! सिमला कळलं म्हणजे कंपनीला कळलं. कंपनीला कळलं म्हणजे मालकाला कळलं. आणि मालक कोण? सिम आबांच्या नावावर! माझ्या डोळ्यांपुढं चित्रच उभं राहिलं. आबा पडवीत खुर्चीवर, चष्मा कपाळावर, हातात फोन, आणि त्यावर सरकत येतंय, ‘अनिल. गणपतीपुळे. नऊ त्रेचाळीस.’ मी उतरलोच नाही. शेवटच्या स्टॉपला कंडक्टर म्हणाला, ‘‘उतरा, देव आला.’’ मी म्हटलं, ‘‘देवाला इथूनच नमस्कार,’’ आणि त्याच गाडीनं उलटा घरी.

संध्याकाळी जेवायला बसलो. मी आणि आबा समोरासमोर. बायको पोरीला घेऊन माहेरी चिपळूणला गेलेली, म्हणजे धीर द्यायलाही कोणी नाही. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, बांगड्याच्या आमटीत बुडवला, तोंडात टाकला, सावकाश चावला, गिळला आणि म्हणाले, ‘‘नेवऱ्याला रस्त्याचं काम चाललंय म्हणे.’’ ...संपलं! नेवरं! जगात एवढी गावं असताना नेवरंच कसं आठवलं? माझा काटा घशात. मी म्हटलं, ‘‘ल-लांज्यालापण चाललंय.’’ आबा म्हणाले, ‘‘हं.’’ तो ‘हं’ तुम्ही ऐकलेला नाही म्हणून इथं सुखानं बसलायत.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत बाबल्याच्या पायरीवर. म्हटलं, ‘‘बाबल्या, खरं सांग, मोबाइलच्या सिमवरून पोरगा कुठे आहे ते आईबापाला कळतं का?’’ आता बाबल्या दहावीला दोनदा बसलेला, पण मोबाइलवर बोलायला लागला की बघावं! म्हणाला, ‘‘अनिलशेट, सिम म्हणजे काय? चिप. चिप म्हणजे काय? मेंदू. टॉवर विचारतो, कोण रे तू? सिम सांगतं, मी अमक्याचं. अमका कोण? फॉर्मवर ज्याची सही तो!’’ मी म्हटलं, ‘‘मेल्या, कळतं की नाही ते सांग!’’ तो म्हणाला, ‘‘ज्याच्या नावावर सिम, त्यानं अर्ज केला, अर्जावर सही केली, की कंपनीला सांगायलाच लागतं. मालक ना तो!’’ मी म्हटलं, ‘‘सिम काढून ठेवलं तर?’’ म्हणाला, ‘‘काढलं हे पण कळतं. काढणारा चोर, असं धरतात.’’ ‘‘फोन घरी ठेवला तर?’’ ‘‘मग तुम्ही घरी आहात असं दाखवणार.’’ घरी! घरी तर साक्षात आबा! तरी मी घरात जाऊन फोन स्टीलच्या डब्यात ठेवून बघितला, पत्र्याच्या पेटीत ठेवून बघितला, शेवटी तांदळाच्या पिंपात खोल पुरला. तर आबांनी सहज म्हणून फोन लावला आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, ‘‘अहो, तांदूळ वाजतायत!’’

आईला मग सगळं सांगावंच लागलं. तिनं पदराखालून एक पुरचुंडी काढून माझ्या हातात कोंबली. चांदीचे वाळे. राहीच्याच लहानपणचे, माझ्याही पायात घातलेले म्हणे. हळूच म्हणाली, ‘‘पायात घालशील तेव्हा वाजतात कसे ते नीट ऐकून ये. मला सांग येऊन.’’ आता बोला! नाही जायची सोय उरली का? एकीकडे वाळे, एकीकडे पायरी, आणि मधे मी... घामाघूम!

पण माणूस भ्यायला ना, की डोकं चालतं. मंगळवारी चहा पिता पिता मला एकदम सुचलं. अरे, आबांना सांगितलंय काय? बुधवारी राजापूरला चाललोय. मग राजापूरला जायला हवं कोणी? मी? मी कशाला? सिमनं जावं! मी जातो पुळ्याला, सिम जातं राजापूरला, संध्याकाळी दोघं स्टँडवर भेटू! लोक एसटीनं राजापूरला काय काय पाठवतात, डबे पाठवतात, औषधं पाठवतात, आंब्याच्या पेट्या पाठवतात, मग मी माझं सिम पाठवलं तर बिघडलं कुठे? आणि नेणारा कोण? शिवा! शिवा कंडक्टर, माझा शाळेतला दोस्त. बारा वर्षं नोकरी, आबांच्या हाताखाली तयार झालेला.

बुधवारी सकाळी आठला स्टँडवर. डोक्याला रुमाल, डोळ्याला काळा चष्मा, उन्हाचा पत्ता नाही. शिव्याला कोपऱ्यात घेतला, फोन हातात दिला. म्हटलं, ‘‘शिवा, हे घेऊन राजापूरला जा आणि परत घेऊन ये. वाजला तर उचलू नको. देवाशप्पथ उचलू नको. मी सांगीन नंतर, गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही.’’ शिवा म्हणाला, ‘‘आत काय जोखमीचं हाय का?’’ मी म्हटलं, ‘‘जोखमीचं? अरे, आत आमचं घर आहे!’’ तो म्हणाला, ‘‘बस तू निवांत.’’ त्याची राजापूर आठ चाळीसची. माझी पुळे सव्वाआठची. बसलो. सुटली. तुम्हाला सांगतो, खिसा इतका हलका लागला, इतका हलका, की मी नेवऱ्यापर्यंत चक्क शीळ घातली! रस्त्याचं काम खरंच चालू होतं हां.

राहीच्या दारात पोचलो तर ती हात ओले तसेच घेऊन धावत आली. सदू आज जीप बंद ठेवून, नवा शर्ट घालून उभा. सासूबाईंनी पाट मांडलेला, न्हावी कात्री परजून तयार. आणि भाचा! काय सांगू? दहा महिन्यांचा गोळा, डोकंभर कुरळं जावळ, आणि कपाळ? कपाळ सही सही आबांचं! ती आठीसुद्धा! माझ्याकडे असा बघायला लागला की मला वाटलं आता विचारतो, ‘‘लेट का?’’ मी वाळे घातले, कान देऊन ऐकले, अकराला दहा कमी असताना पोर मांडीवर घेतलं. सगळं कसं छान... आणि इथंच माझी बुद्धी फिरली. म्हटलं, सिम कुठवर पोचलं ते बघावं की! सदूचा मोबाइल घेतला आणि माझ्याच नंबरवर फोन लावला.

शिव्यानं पहिल्या रिंगला उचलला. ‘‘अनल्या, वायच घोळ झाला रे.’’ मी म्हटलं, ‘‘तू उचललास कसा?’’ तो म्हणाला, ‘‘घोळ तुझ्या आत्ताच्या फोनाचा नाय रे, मगाचच्या. पालीच्या स्टॉपवर नऊ वीसला वाजला, वर नाव बघतो तर आबासाहेब! अरे, हात आपोआप गेला. आणि साहेबांनी विचारलं, गाडी कुठे आहे?’’ ‘‘मग? मग तू काय सांगितलंस?’’ ‘‘काय सांगणार? बारा वर्षांची सवय! सांगून टाकलं, साहेब, आठ चाळीसची राजापूर, पाली, वेळेवर, चव्वेचाळीस बसलेले, चार उभे!’’ ‘‘आणि पुढे?’’ ‘‘साहेब म्हणाले, शिवा, त्यात अनिल बसलेला आहे की उभा?’’ ‘‘आणि तू...?’’ ‘‘म्हटलं, साहेब, अनिल सव्वाआठच्या पुळ्यात. माफ कर रे बाबा, पण साहेबांना खोटा रिपोर्ट मी आजवर कधी दिलेला नाय!’’

आता बघा माझी अवस्था! पळावं तर मांडीवर पोर. पोर उतरवावं तर न्हाव्यानं कात्री चालवलेली, अर्ध्या डोक्याचं जावळ खाली, अर्धं वर, आणि सासूबाई ओरडतायत, ‘‘मामांनी हलायचं नाही हां, अपशकुन होतो!’’ राही विचारते, ‘‘दादा, काय झालं? पांढरा का पडलास?’’ काय सांगू तिला? की पायरी गेली? की आता तुझ्याकडेच राहायला येतो, पंप ठेवायला जागा कर? काकांचं प्रेत डोळ्यांपुढं आलं हो, आणि शेजारी न बोलता उभे असलेले आबा! मला वाटलं, आता मी मेलो तरी माझ्याशी बोलणार नाहीत. माझी पँट ओली झाली. ती भाच्यानं केली की माझी मी, हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही.

आणि बाहेर जीप थांबली. सदूची नव्हे, त्याची तर दारात उभी. दुसरीच कुठली वडापची. आतून एक बाई उतरली, दोन पोरं उतरली, एक माणूस फणस घेऊन उतरला, आणखी कोण कोण उतरले, पाय मोकळे करून परत चढले... आणि मागच्या बाजूला, जीपच्या पायरीवर उभे, एका हातानं वरची दांडी गच्च धरलेली, दुसऱ्या हातानं चष्मा धरलेला, पांढऱ्या शर्टावर तांबडी धूळ... आबा! त्याचं काय झालेलं माहीत आहे? आबा शिव्याचा फोन ठेवून चपला घालून स्टँडवर गेले, तर साडेनऊची पुळे साडेनऊला सुटलेली. आबांनीच लावलेली शिस्त! आणि पुढची गाडी एकदम साडेअकराची. मग त्यांनी काय केलं असेल, किती वेळ त्या फाटकाशी उभे राहिले असतील, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

न्हाव्याची कात्री हवेत. आबा उतरले. घड्याळ बघितलं. म्हणाले, ‘‘अकरा अकरा.’’ मग सदूसमोर जाऊन उभे राहिले. ‘‘परवाना किती सीटचा?’’ सदू म्हणाला, ‘‘न-नऊ, आबा. पण ती माझी गाडी नव्हे, ती बाबूची...’’ आबा म्हणाले, ‘‘आत चौदा होते. मी मोजले.’’ आणि थांबले. एवढा वेळ थांबले की मला मांडीवरच्या वाळ्यांचा आवाज ऐकू आला. मग खाली बघून म्हणाले, ‘‘पंधरावा मी.’’

राही तांब्या घेऊन दारात उभी. तांब्यातलं पाणी सांडतंय. आबा तिच्याकडे न बघता, त्या सांडलेल्या पाण्याकडे बघत बोलले, ‘‘त्या दिवशी नेवऱ्याची गाडी पन्नास मिनिटं नव्हती. झाड पडलं होतं. मला इकडून दुसरी सोडता आली असती. मी सोडली नाही.’’ बस्स. तीन वर्षांनी बापानं लेकीला एवढंच सांगितलं, एका गाडीचं. राही म्हणाली, ‘‘आबा, पाय धुवा.’’ मी रडलो का? रडलो! भाचाही रडला, पण त्याचं कारण कात्री होती.

परत येताना मी आणि आबा एसटीत, शेजारी शेजारी. धीर करून विचारलं, ‘‘आबा, तुम्हाला सिमवरून सगळं कळायचं ना?’’ म्हणाले, ‘‘कसलं सिम? मला तो फोन बंदसुद्धा करता येत नाही.’’ ‘‘मग त्या दिवशी नेवऱ्याचं काम?’’ ‘‘पेपरात आलं होतं.’’ ‘‘आणि बाबल्याच्या दुकानात म्हणालात ते? कळेल कोण कुठे असतं ते?’’ आबा म्हणाले, ‘‘मी फोन करीन, तू सांगशील, मला कळेल. त्यात काय? एकतीस वर्षं त्या खिडकीतून मला काय दिसत होतं? माणसं सांगायची, मी विश्वास ठेवायचो.’’ आणि जरा वेळानं, बाहेर बघत, ‘‘तू खोटं सांगशील हे मी धरलं नव्हतं.’’ ...तुम्हाला सांगतो, पायरी सुटली असती तर परवडलं असतं. सिमला भ्यायलो, पेटीत घातलं, तांदळात पुरलं, राजापूरला पाठवलं... आणि ते बिचारं काही बोलतच नव्हतं हो!

झालं, संपलं असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं! आता दर बुधवारी काय होतं ऐका. आबा सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालतात आणि आईला सांगतात, ‘‘जरा राजापूरला जाऊन येतो.’’ राजापूरला! त्यांचं राजापूरला आहे कोण? फोन बंद करायला मात्र आता शिकलेत, बंद करून खिशात घालतात आणि गडप! परवा शिवा सांगत होता, फाटकाबाहेर सदूच्या जीपपाशी उभे राहून कोणीतरी शुद्ध माइकच्या आवाजात पुकारतं, ‘‘प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे, गणपतीपुळ्याकडे जाणारी जीप...’’ आणि नऊच भरतात म्हणे, दहाव्याला हात लावू देत नाहीत! आई इकडे मला बोलून बोलून हैराण करते, ‘‘संध्याकाळ झाली, अजून पोचले कसे नाहीत? फोन लागत नाही. तुझ्या त्या बाबल्याला विचार की, सिमवरून कळतं ना?’’ गेलो बाबल्याकडे. म्हटलं, ‘‘बाबल्या, पोराचं सोड, बाप कुठे आहे ते कळतं का?’’ म्हणाला, ‘‘कळतं की! फक्त अर्जावर मालकाची सही आणा.’’

आता मला सांगा, आबा कुठे आहेत हे शोधायला आबांची सही आणायला आबांना शोधू कुठे? ...जाऊ दे. काय करता. सिम आबांच्या नावावर!